तेलकट लाकडाचा स्वभाव

दिवाळी तोंडावर आली की घरांतून दोन वास बाहेर पडू लागतात. एक चकलीच्या भाजणीचा आणि दुसरा पॉलिशचा. पहिल्या वासाबद्दल लिहायला ह्या अंकात माझ्याहून अधिकारी भगिनी आहेत. मी दुसऱ्याकडे वळतो. वर्षभर ह्या सदरात शब्दांची उठाठेव करणाऱ्या मराठीच्या अध्यापकाने ऐन दिवाळीत रंधा हाती घेतलेला पाहून काही वाचक चकित होतील. पण रंधा माझ्या हाती नाही. मी नुसता बाजूला उभा राहून पाहिले, आणि जे पाहिले ते सांगण्यासारखे आहे.

पॉलिशची एक तक्रार जवळजवळ प्रत्येक आळीत ऐकू येते. खुर्चीला पॉलिश होते. दोन दिवस जातात, चार जातात, लक्ष्मीपूजन येते, आणि खुर्ची आपली चिकटच! भाऊबीजेला आलेले मेहुणे उठतात ते नव्या कुडत्याचे चार धागे तिच्या स्वाधीन करून. मग घरात खटला उभा राहतो. आरोपी ठरलेले दोनच. दुकानदाराने भेसळीचा माल दिला, नाहीतर मिस्त्रींनी काम उरकले. निकालही ठरलेला: मिस्त्रींचे राहिलेले पैसे राहिलेलेच ठेवायचे. ह्या सबंध खटल्यात लाकडाला मात्र कोणी साक्षीलासुद्धा बोलावत नाही.

ह्या वर्षी एका खटल्यात लाकडाची साक्ष झाली, त्याची ही हकीकत.

माझ्या बी.ए.च्या वर्गातला एक विद्यार्थी लकडगंजात राहतो. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, लकडगंज म्हणजे नागपूरचा लाकूडबाजार. आरागिरण्यांची घरघर आणि ताज्या भुशाचा वास ही तिथली ओळख. चंद्रपूर-गडचिरोलीकडचे सागवान नागपूरच्या बाजारातून दूरदूर जाते. दिल्लीच्या ज्या नव्या संसदभवनाचे २०२३ साली उद्घाटन झाले, त्यातले सागवानही नागपूरहून गेलेले. ह्या बाजारात त्या मुलाच्या वडिलांचा हात तीस-पस्तीस वर्षे चालतो आहे. आमच्या विदर्भात सुताराला ‘वाढई’ म्हणतात. पुण्याच्या पाहुण्यांना हा शब्द ऐकून पंगतीत वाढणारा कोणी असावा असे वाटते, पण हा शब्द थेट संस्कृत ‘वर्धकी’चा वंशज आहे. असो.

मुलाने वडिलांची पटाशी उचलली नाही. त्याने एक लहानसा विजेचा लेथ घेतला. पैसे आईने बचत गटातून कर्ज काढून दिले. वीस हजार रुपये. लेथवर लाकडाचे तुकडे कातून तो शाईची पेने करतो. निब आणि आतल्या नळ्या विकत आणायच्या, बाहेरचा देह लाकडाचा. त्यावर चकाकी आणण्याची त्याची रीतही नव्या जमान्याची. आपण तुटलेला कान कपबशीला चिकटवायला जो झटपट सरस वापरतो ना, चिमुकल्या नळीतला, बोटाला लागला तर बोटे चिकटवून ठेवणारा, तोच सरस तो फिरत्या पेनावर थेंबथेंब टाकून कागदाने पसरतो. असे दहा-बारा हात दिले की लाकडावर काचेसारखा थर चढतो. पाण्याने तो जात नाही की हाताच्या घामाने मळत नाही.

आमच्या महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांच्या दिवाळी मेळाव्यात निवृत्त प्राध्यापकांचा सत्कार ठरला होता. भेट काय द्यावी ह्यावर तीन सभा झाल्या. तिसऱ्या सभेत मी ह्या मुलाचे नाव पुढे केले. त्याने बाभळीची तीन पेने नमुन्यादाखल आणून दिली. मंडळी खूश झाली. चाळीस पेनांची मागणी नोंदवली गेली, निम्मे पैसे आगाऊ दिले गेले. फक्त एक सूचना आली, रंग जरा काळसर असावा, म्हणजे भारदस्त दिसेल.

मुलाने जुन्या बाजारातून एका शिसवी पलंगाचे चार खूर पैदा केले. लाकूड कसले, काळे सोने! त्यातून चाळीस पेने कातली, सरसाचे हात दिले, आणि मेळाव्याला अकरा दिवस उरले असताना स्टाफरूमच्या दारात येऊन उभा राहिला.

“सर, ऑर्डर परत घ्या म्हणून सांगा. थर धरतच नाही.”

त्याने खिशातून एक पेन काढून माझ्या हाती दिले. मी ते दोन बोटांत धरले, आणि बोटांचे ठसे त्यावर उमटले. त्याने नखाने जरा खरवडले तर माशाच्या खवल्यासारखा पापुद्रा निघून आला. खाली लाकूड जसेच्या तसे, जणू सरसाची आणि त्याची ओळखच झाली नव्हती. पहिल्याने त्याला बाटली जुनी वाटली, म्हणून त्याने नवी आणली. मग कंपनी बदलली. मग सरस लवकर धरावा म्हणून मिळणारा फवारा जास्त मारला, तर थराला फेस येऊन पांढरे डाग पडले. शेवटी थरावर थर चढवले, तर वरचा कडक झाला, खालचा मऊ राहिला आणि मध्ये सुरकुत्या पडल्या. पळसाला पाने तीन. ज्या दुकानात जावे तिथे एकच सल्ला, दुसरी बाटली घ्या. आगाऊ घेतलेले पैसे निबांत गेले होते आणि बचत गटाचा हप्ता पाच तारखेला होता.

शुद्धलेखनाची चूक असती तर मी तिथेच सोडवून दिली असती. पण हा प्रश्न माझ्या आवाक्यातला नव्हता. संध्याकाळी मी त्याच्याबरोबर लकडगंजात गेलो.

वडील अंगणात बसून एका चौकटीचा सांधा बसवत होते. त्यांनी पेन हातातही घेतले नाही.

“सर, तीन दिवसांपासून याले सांगून राह्यलो,” ते म्हणाले, “बाटली बदलवली, दुकान बदलवलं. लाकूड तं तेच हाये ना? शिसम लय तेलकट. त्याच्या आंगातलं तेल पयले काढा लागते.”

“उन्हात वाळवून पाहू का म्हणत होतो मी,” मुलगा म्हणाला.

“उन्हात ठेवशीन तं आणखी तेल वर येईन.”

मी विचारले, “मिस्त्री, हा सरस तुम्ही कधी वापरला आहे?”

“नाही जी. याचा हा सरस मले मालूम नाही. पण लाकूड मले मालूम हाये. आन् ते मालूम व्हाले मले पैसे लागले, सर.”

मग त्यांनी सांगितले. उमेदवारीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांनी एका बंगल्यातल्या आठ सागवानी खुर्च्यांना तेलाचे पॉलिश केले होते. आठवडा झाला तरी खुर्च्या वाळेनात. मालकांनी ‘तेलात भेसळ केली’ म्हणून निम्मी मजुरी कापली. त्यानंतर असे आणखी दोनदा झाले. तिसऱ्यांदा कारखान्यातल्या एका म्हाताऱ्या पॉलिशवाल्याने त्यांना बाजूला घेऊन सांगितले, तेलकट लाकूड आधी स्पिरिटने पुसून काढ, मग चपड्याचा एक हात मार, आणि मग वर काय वाटेल ते लाव. तेव्हापासून त्यांची एकही खुर्ची चिकट राहिली नाही. पण आधीच्या तीन वेळचे पैसे परत कोण देणार?

हे सांगताना त्यांचा सूर तक्रारीचा नव्हता. शाळेची फी किती होती हे सांगावे, तसे त्यांनी सांगितले.

दुसऱ्या दिवशी मी ते खवल्याचे पेन रसायनशास्त्राच्या एका सहकाऱ्यांपुढे ठेवले. त्यांनी चहाच्या दोन कपांत मला जे समजावले ते मी माझ्या भाषेत सांगतो, कारण ह्या प्रकरणात भाषेचाही थोडा दोष आहे. आपण मराठीत कुठल्याही पॉलिशला, रंगाला, सरसाला ‘वाळले’ किंवा ‘वाळले नाही’ असे म्हणतो. वस्तुतः ह्या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या क्रिया दडलेल्या आहेत. माझ्यापुरते मी त्यांना तीन शब्द दिले: वाळणे, आळणे आणि विरजणे.

पहिली क्रिया खरोखरीच वाळण्याची. चपडा म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे. ते स्पिरिटमध्ये विरघळवून लाकडाला लावले की स्पिरिट उडून जाते आणि लाख मागे राहते. दोरीवरचे लुगडे वाळते तसेच हे. सुतारांचा पांढरा सरसही मुख्यतः पाणी निघून गेल्यावरच घट्ट होतो.

दुसरी क्रिया आळण्याची. जवसाच्या तेलाचे पॉलिश किंवा तेलावर बनवलेले व्हार्निश नुसते वाळत नाही. ते हवेतला प्राणवायू घेते आणि त्याचे कण एकमेकांचे हात धरत घट्ट होत जातात. मुले साखळीचा खेळ खेळतात ना, एक दुसऱ्याला पकडतो, ते दोघे तिसऱ्याला, तशी ही साखळी वाढते. आता शिसवासारख्या लाकडात निसर्गतःच असे काही पदार्थ असतात की ते साखळीतला हात धरतात आणि तिथेच बसून राहतात. ते पुढे कोणाला धरत नाहीत आणि साखळी तुटते. म्हणून शिसवावरचे तेलपॉलिश महिना महिना चिकट राहू शकते. त्यात तेलाची भेसळ नसते, की मिस्त्रींचा आळस नसतो.

तिसरी क्रिया विरजण्याची, आणि आमच्या मुलाचा झटपट सरस ह्या जातीचा. दुधाला विरजण लागते तसे ह्या सरसाला वस्तूच्या पृष्ठभागावरच्या ओलाव्याचे विरजण लागते. डोळ्यांना न दिसणारा हा ओलावा जवळजवळ सगळ्याच वस्तूंवर असतो, म्हणून तर हा सरस क्षणात धरतो. पण त्याच्या आणि लाकडाच्या मध्ये तेलाचा पापुद्रा असला, तर विरजण पुरते पोचत नाही आणि पकडही बसत नाही. शिवाय कित्येक लाकडांच्या अंगचे द्रव्य आम्लधर्मी असते, आणि आम्ल तर ह्या सरसाचे शत्रूच. हवाही हात दाखवते. नागपूरच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत तो आळसावतो, आणि श्रावणातल्या दमट हवेत घाईने धरून वर दुधाळ डाग पाडतो.

ह्या सरसाचा जन्म मोठा गमतीचा आहे. १९४२ साली अमेरिकेत हॅरी कूव्हर नावाचे रसायनशास्त्रज्ञ बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. त्यांच्या हाती हे द्रव्य लागले, आणि ज्याला त्याला चिकटते म्हणून त्यांनी ते बाजूला सारले. १९५१ साली पुन्हा त्याच द्रव्याशी गाठ पडली तेव्हा ‘चिकटते’ हाच त्याचा गुण आहे हे त्यांच्या ध्यानात आले, आणि १९५८ साली ते बाजारात आले. सगळ्यांना चिकटते म्हणून एकदा टाकून दिलेला हा पदार्थ लकडगंजातल्या पलंगाच्या खुरापुढे मात्र हरला.

हे तेल तरी लाकडात येते कुठून? झाड वाढत असते तेव्हा त्याच्या मधला गाभा हळूहळू निवृत्त होतो. पाणी वाहून नेण्याचे काम बाहेरचे थर करतात. ह्या निवृत्त गाभ्यात झाड निरनिराळी द्रव्ये साठवून ठेवते, बुरशी आणि उधई ह्यांच्यापासून संरक्षण म्हणून. सागवानातल्या अशा एका द्रव्याला सागाच्या शास्त्रीय नावावरूनच टेक्टोक्विनोन असे नाव पडले आहे. सागाच्या गाभ्यात रबरासारखा अंशही असतो. शिसवात ह्या द्रव्यांची रेलचेल इतकी की काही कारागिरांच्या अंगावर त्याच्या भुशाने पुरळ उठते. आपली आजी जिच्यात शालू ठेवी ती पेटी साठ-सत्तर वर्षे उधईने शिवलेली नसते, ती ह्याच द्रव्यांच्या जोरावर. तेव्हा ह्या पलंगाने इतकी वर्षे ज्या गुणावर तग धरला, तोच गुण आता पेनाच्या आड येत होता. संस्कृतात तेलालाही ‘स्नेह’ म्हणतात आणि मायेलाही. ह्या लाकडाचा स्नेह मात्र परक्याला जवळ येऊ न देणारा आहे.

‘परका’ म्हणण्यातही गंमत आहे. युरोप-अमेरिकेतले हौशी कारागीर तेलकट लाकडांची यादी करतात तेव्हा तिला ‘परदेशी लाकडे’ असे नाव देतात. तिच्यात मध्य अमेरिकेतला कोकोबोलो असतो, आणि आपला साग आणि आपला शिसवही असतो. त्यांचे परदेशी लाकूड म्हणजे आपल्या घरची खुर्ची! कोकोबोलो आणि शिसव हे तर एकाच कुळातले चुलतभाऊ. २०१७ सालापासून ह्या सबंध कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत, कारण जंगलातली ही झाडे विरळ होत चालली आहेत. जुन्या पलंगाच्या खुरांतून पेने करणाऱ्या मुलाने म्हणूनच एक शहाणपणाचे काम केले होते. एकही झाड न पाडता त्याला शिसव मिळाला होता. फक्त लाकूड जुने झाले म्हणजे त्याचे तेल संपले, असे नसते. नवा काप घेतला की आतला ताजा स्नेह पुन्हा पृष्ठभागावर येतो.

एवढे ऐकून मी पुन्हा लकडगंजात गेलो. बापलेकांत अबोला होता तो मी मोडला असे म्हणणे फुशारकीचे होईल. दिवस थोडे उरले होते, त्यानेच तो मोडला. ठरले असे की चाळीस पेनांना हात लावायचा नाही, आधी खुराच्या उरलेल्या तुकड्यांवर प्रयोग करायचा. पाच तुकडे घेतले. पहिल्यावर काहीच न करता सरस. दुसरा स्वच्छ पुसून रात्रभर ठेवला आणि सकाळी सरस लावला. तिसरा पुसून दहा मिनिटांत सरस. चौथा पुसून, त्यावर चपड्याचा पातळ हात देऊन, तो वाळल्यावर सरस. पाचव्याला सरसच नाही, नुसते मेण चोळून घासले.

पहिला अपेक्षेप्रमाणे चिकट राहिला. दुसऱ्यावर मध्ये मध्ये मऊ बेटे उरली. रात्रीतून तेल पुन्हा वर आले होते. तिसरा चांगला धरला. चौथा काचेसारखा झाला, नखाने ओरबाडून पाहिले तरी हलेना. पाचवा हातात घेतला तर मऊसूत. चकाकी कमी, पण शिसवाचे रेघारेघांचे काळेपण त्यावरच सर्वांत उठून दिसले.

वडिलांनी चौथ्या तुकड्याकडे बोट दाखवले, पोराने मान हलवली, आणि खटला निकालात निघाला. पंडितांना जे तीन शब्दांत समजले ते त्या म्हाताऱ्या पॉलिशवाल्याने कधीच हातांनी ओळखले होते. चपड्याला लाकडाची परवानगी लागत नाही. त्याला प्राणवायूची साखळी धरायची नसते की विरजण लावून घ्यायचे नसते. त्याला फक्त वाळायचे असते. तो तेलकट लाकडाला धरून बसतो आणि आपल्या पाठीवर दुसऱ्याला बसू देतो. मधल्या माणसाला आपण व्यवहारात नावे ठेवतो, पण काही ठिकाणी मध्यस्थावाचून चालत नाही. आणि हा मध्यस्थ तरी कुठला? पळस, बोर, कुसुम ह्या झाडांच्या फांद्यांवर एक बारीक कीटक लाख तयार करतो, तिच्यापासून हा चपडा. महाभारतातल्या लाक्षागृहाने तिची बदनामी केली खरी, पण आपले पाळणे, पोळपाट, लाटणी, खेळण्यातल्या बाहुल्या ह्यांना रंगीत झळाळी तिनेच दिली. आपले कातारी फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबत आणि घर्षणाच्या उबेने ती पसरवत. लेथवर सरस पसरणाऱ्या मुलाची नवी रीत म्हणजे त्या जुन्या रीतीची धाकटी बहीणच म्हणायची.

आता ज्यांच्या घरी हौशी कारागीर आहेत, किंवा ज्यांच्या व्हरांड्यात एक चिकट खुर्ची वाट पाहत आहे, त्यांच्यासाठी लकडगंजात ठरलेली कृती देतो.

आधी लाकूड ओळखावे. पृष्ठभागावर पाण्याचा थेंब ठेवावा. तो पसरून जिरू लागला तर काळजी नाही. अळवाच्या पानावरच्या थेंबासारखा गोल राहिला तर लाकूड तेलकट समजावे. साग आणि काळा शिसव ह्यांच्या बाबतीत थेंबाचीही गरज नाही, तेलकट धरूनच चालावे.

लाकूड चिकट थराखाली असेल तर तो थर पूर्ण खरवडून काढावा. मऊ थरावर कडक थर चढवून काही साधत नाही. नंतर बारीक काचकागदाने घासावे, आणि पांढऱ्या कापडावर अॅसिटोन घेऊन पुसावे. कापडाला तांबूस-काळा रंग लागेल. कापड बदलत, ते जवळजवळ स्वच्छ निघेपर्यंत पुसत राहावे. नखांचा रंग काढायच्या बाटलीने हे काम करू नये, तिच्यात बहुधा तेल आणि अत्तर मिसळलेले असते. अॅसिटोन आणि स्पिरिट दोन्ही भडकन पेटतात, तेव्हा पणत्या, उदबत्ती, फुलबाज्या ह्यांच्या आसपास हे काम मुळीच करू नये. खिडक्या उघड्या असाव्यात आणि शिसव घासताना तोंडाला फडके बांधावे.

पुसल्यावर अॅसिटोन उडून जाण्यापुरतेच थांबावे. ‘उद्या करू’ म्हटले की तेल पुन्हा वर येते. लगेच चपड्याचा एक पातळ हात द्यावा. चपड्यात थोडे नैसर्गिक मेण असते आणि त्यावर पुढचा थर नीट धरत नाही, म्हणून द्रावण बाटलीत निवळू द्यावे आणि वरचे स्वच्छ तेवढे घ्यावे. बिनमेणाचा चपडाही बाजारात मिळतो. तो वाळला की त्यावर तेलपॉलिश, व्हार्निश किंवा झटपट सरस, जे मनात असेल ते, पातळ हातांनी आणि एक थर पुरता धरल्यावरच दुसरा. झटपट सरस सुती चिंधीने कधीही पसरू नये. कापसाशी गाठ पडली की तो इतका तापतो की धूर निघतो आणि बोट भाजते. त्यासाठी कागदच बरा. सांधे जोडायचे असतील तर ताजा रंधा मारून, पुसून, त्याच तासाभरात सरस लावावा.

आणि ह्यातले काहीच करायचे नसेल तर मेण चोळावे. ज्या लाकडाच्या अंगीच तेल आहे त्याला आपल्या पॉलिशची फारशी गरज नसते. ही गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही, कारण त्यात त्याची विक्री नाही.

चाळीस पेने वेळेवर झाली. एकतीस सरसाची, नऊ मेणाची. सत्कारमूर्तींपैकी जे स्वतः अजून शाईने लिहितात, त्यांनी मेणाची उचलली असे माझ्या ध्यानात आले. बचत गटाचा हप्ता पाच तारखेला भरला गेला. वडिलांनी त्या आठवड्यात पोराच्या लेथखालची डगमगणारी चौकट मुकाट्याने नवी करून दिली.

परंतु माझ्या मनात चाळीस पेनांपेक्षा त्या आठ खुर्च्या अधिक रेंगाळल्या. त्या बंगल्याचे मालक दुष्ट असतील असे मला वाटत नाही. ते तुमच्या-माझ्यासारखेच असणार. पदरचे पैसे दिले आणि खुर्ची चिकट राहिली, म्हणून रागावलेले. त्यांना कुठले लाकूड ते ठाऊक नव्हते, आणि ठाऊक करून घ्यावे असे वाटलेही नसेल. आपण शिकलेली माणसे बाटलीवरची अक्षरे वाचतो, तारीख पाहतो, कंपनीचे नाव पाहतो, कारण ते वाचता येते. लाकडावर काही लिहिलेले नसते. ते ज्याला वाचता येते तो आपल्या अंगणात मांडी घालून बसलेला असतो, आणि आपण त्याला विचारण्याऐवजी त्याच्यावरच आरोप ठेवतो. आपल्या अशा अज्ञानाची फी आजवर कारागिरांनी आपल्या मजुरीतून भरली आहे.

तेव्हा यंदा तुमच्या घरची खुर्ची वाळली नाही, तर बाटली फिरवून पाहण्याआधी मिस्त्रींना एवढेच विचारा, “हे लाकूड कोणते हो? आणि ह्याला आधी काय लावायला हवे होते?” उत्तर ऐकून घ्या. खुर्ची पुन्हा पुसायला आणि चपड्याचा हात द्यायला त्यांना एक दिवस द्या. आणि त्यांची राहिलेली मजुरी धनत्रयोदशीच्या आधी देऊन टाका. त्यांच्याही घरी भाजणी दळून आलेली असते.